एचआयव्ही आणि मेंदू: एमआरआयमध्ये काय दिसतं, काय दिसत नाही

द्राक्षांच्या हंगामात तासगाव भागातलं एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाई म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं कशात ध्यानच नाही. फवारणीच्या औषधाचं माप चुकतं, मोटरची चावी ठेवलेली सापडत नाही. पंधरा दिवस झाले डोकं दुखतंय. परवा तर डाव्या हातातला कप तसाच गळून पडला." नवरा शेजारी गप्प बसून होता. प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागत होता.

एमआरआय झालेला होता. तपासणीच्या फॉर्मवर कारण म्हणून एकच शब्द होता: डोकेदुखी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मेंदूत कड्यांसारखे दोन-तीन डाग दिसतात, टीबीच्या गाठी किंवा जंताच्या गाठी असू शकतील, रुग्णाच्या इतर माहितीशी ताडून पाहावं. मी फिल्म दिव्यासमोर धरली तेवढ्यात बाईंनी पिशवीतून एक हिरवं पुस्तक अर्धं बाहेर काढलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि परत आत सरकवलं. एआरटी सेंटरचं पुस्तक लांबूनही ओळखू येतं. रिपोर्टमध्ये जी "इतर माहिती" मागितली होती ती त्या पिशवीत होती.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला मेंदूचा स्कॅन सांगितला की घरच्यांच्या मनात दोन समजुती असतात. एक, स्कॅनमध्ये सगळं कळेल. दुसरी, स्कॅन नॉर्मल आला म्हणजे काही नाही, मनाचे खेळ आहेत. दोन्ही चूक आहेत.

एचआयव्ही मेंदूत कसा पोहोचतो?

संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत जातो. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमधून तो आत शिरतो आणि मेंदूतल्या संरक्षक पेशींमध्ये मुक्काम करतो. विचार करणाऱ्या, हालचाल घडवणाऱ्या चेतापेशींमध्ये तो सहसा थेट शिरत नाही. पण संरक्षक पेशी सतत चिडलेल्या राहतात, त्यांच्यातून दाह निर्माण करणारे पदार्थ झिरपतात आणि चेतापेशींचं नुकसान होतं. शेजारच्या घरातल्या धुराने आपल्या घरातल्या माणसाला खोकला लागावा, तसं.

हे नुकसान हळू होतं. माणूस मंदावतो. हिशेब करायला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, बोलणं कमी होतं, चाल अडखळते, सही बदलते. घरच्यांना वाटतं आळस आला किंवा टेन्शन आहे. डॉक्टर या त्रासाच्या तीन पायऱ्या मानतात: चाचणीत दिसतो पण रोजच्या कामात जाणवत नाही असा, कामात थोडा अडथळा आणणारा, आणि माणूस परावलंबी होईल इतका, म्हणजे एचआयव्हीचा डिमेन्शिया. एआरटीची औषधं येण्याआधी ही तिसरी पायरी बरीच दिसे. आपल्याकडे सरकारी केंद्रांत मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करायचं धोरण आलं. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत तिसरी पायरी आता क्वचित पाहायला मिळते. सौम्य त्रास मात्र पूर्ण गेलेला नाही.

मग एमआरआयमध्ये एचआयव्ही दिसतो का?

नाही. विषाणू कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. दिसला तर त्याचा परिणाम दिसतो, आणि तोही बराच पुढे गेल्यावर. मेंदू वयाच्या मानाने आकसलेला वाटतो, मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसतात आणि मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना सारखी, धुकं पसरल्यासारखी उजळ छटा येते. ती कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर चमकत नाही आणि शेजारच्या भागाला ढकलत नाही. "दोन्हीकडे सारखी, न ढकलणारी" हे तिचं ओळखीचं लक्षण. पण बीपी, डायबेटिस, वाढतं वय, वर्षानुवर्षांची दारू यांनीही मेंदू आकसतो आणि पांढऱ्या भागात छटा येतात. त्यामुळे नुसत्या फिल्मवरून "हे एचआयव्हीमुळे" असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

याहून बारीक बदल पकडणारी तंत्रं आहेत. एमआरआयच्याच मशीनवर मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण मोजता येतं, काम करताना कुठला भाग किती जागा होतो हे पाहता येतं, मेंदूच्या एकेका भागाचा आकार मोजता येतो. संशोधनात त्यांचा उपयोग मोठा आहे. शंभर रुग्णांचा गट आणि शंभर निरोगी लोकांचा गट यांच्या सरासरीतला फरक त्यांनी कळतो. पण तुमच्या घरातल्या एका माणसाचं निदान अशा सरासरीवरून होत नाही. अशी "खास" तपासणी बाहेरून करून आणावी का, असं कुणी विचारलं तर मी नको म्हणते. ते पैसे पुढच्या खऱ्या गरजेला ठेवा.

डॉक्टर स्कॅनमध्ये शोधत असतात ते दुसरंच

मेंदूची तक्रार असलेल्या एचआयव्हीबाधित माणसाला एमआरआय सांगितला जातो तो मुख्यतः उपचाराने बरे होणारे दुसरे आजार गाठण्यासाठी. प्रतिकारशक्ती उतरली की ते डोकं वर काढतात. इथे सीडी-४ चा आकडा फार कामाला येतो. निरोगी माणसात तो साधारण ५०० च्या वर असतो.

आपल्या भागात पहिला संशय नेहमी टीबीचा. सीडी-४ चांगला असला तरी टीबी होऊ शकतो. मेंदूत त्याच्या गाठी होतात किंवा मेंदूच्या तळाच्या आवरणाला सूज येते. त्यातून पाणी साचतं, रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन लकवाही होतो. उपचार लांब चालतो, नऊ ते बारा महिने, कधी त्याहून जास्त. इथे एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाठ स्कॅनवर मोठी दिसू शकते. एआरटी नव्याने सुरू झाली की प्रतिकारशक्ती जागी होते आणि जुन्या जंतूंवर तुटून पडते, तेव्हाही असं होतं. याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा लगेच काढायचा नसतो. पुष्कळ कुटुंबं नेमकी याच टप्प्यावर औषध बंद करून दुसरीकडे जातात. मेंदूचा टीबी सापडला तर एआरटी काही आठवडे उशिरा सुरू करतात ती याच कारणाने. तो हलगर्जीपणा नसतो.

दुसरा टॉक्सोप्लाझ्मा. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून दूषित झालेल्या मातीतून किंवा कच्च्या राहिलेल्या मटणातून कधीतरी शरीरात आलेला असतो आणि वर्षानुवर्षं झोपून असतो. सीडी-४ शंभरच्या खाली गेला की तो मेंदूत जागा होतो. स्कॅनवर एकापेक्षा जास्त कडी, बहुतेक मेंदूच्या खोल भागात. याच्यावर औषध सुरू करून दोन आठवड्यांनी फरक पाहतात. डाग लहान झाले तर निदान पक्कं. म्हणजे इथे दुसरा स्कॅन हाच निदानाचा भाग आहे. "परत कशाला खर्च" म्हणून तो टाळू नका. एआरटी सेंटरमध्ये सीडी-४ कमी असताना कोट्रायमोक्साझोलची जी गोळी रोज देतात, ती न्यूमोनियाबरोबर यालाही अडवते. "ती साधीच गोळी आहे" म्हणून सोडणारे मी बरेच पाहिले आहेत.

तिसरा क्रिप्टोकॉकस, एक बुरशी. हा फसवा. डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, पण एमआरआय जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. याचं निदान रक्तातल्या आणि पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीने होतं. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. सुई टोचतात ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. त्यामुळे लुळेपणाची भीती धरू नका. उलट या आजारात पाणी काढल्याने डोक्यातला दाब उतरतो आणि रुग्णाला आराम पडतो. आधी स्कॅन का करतात? मेंदूत मोठी गाठ असेल तर पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून.

याखेरीज जेसी नावाच्या विषाणूमुळे पांढरा भाग एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी असा विरत जातो (यावर स्वतंत्र औषध नाही, एआरटीने प्रतिकारशक्ती वाढवणं हाच उपाय). सीडी-४ अगदी तळाला गेलेल्यांत मेंदूचा लिम्फोमा होतो. सिफिलिसही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आणि मेंदूतले जंत तर आपल्याकडे एचआयव्ही नसलेल्यांनाही होतात, नीट न धुतलेल्या भाजीतून शाकाहाऱ्यांनाही.

एक गोष्ट माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठी. डोकं दुखतंय म्हणून स्कॅनच्या आधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती आकसते आणि चित्र बदलून जातं. कधी कधी जीव वाचवायला स्टेरॉइड द्यावंच लागतं, पण दिलं असेल तर ते पुढच्या डॉक्टरला कळलं पाहिजे. तुम्हीही विचारून ठेवा: "इंजेक्शन कशाचं दिलं?"

एमआरआयच्या फॉर्मवर एचआयव्ही लिहायचं का?

हाच प्रश्न त्या तासगावकडच्या जोडप्यासमोर होता आणि त्यांनी स्वतःपुरतं उत्तर ठरवलं होतं: नको. मी त्यांना दोष देत नाही. सेंटरमध्ये गावातला कुणीतरी नोकरीला असतो. फॉर्मवर डॉक्टर "आरव्हीडी" किंवा "रेट्रोपॉझिटिव्ह" असा आडून शब्द लिहितात, पण तो आता शिपायालाही कळतो. नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्याचं नाव या आजाराशी जोडलं गेलं. १९९२ पासून इथे काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेने आजाराइतकीच लढाई या लाजेशी लढली आहे.

तरीही रेडिओलॉजिस्टला हे कळणं का गरजेचं आहे ते पाहा. तेच कड्यांसारखे डाग एखाद्या निरोगी तरुणात दिसले तर पहिला विचार जंतांचा किंवा टीबीचा येतो, आणि टॉक्सोप्लाझ्मा यादीत फार खाली जातो. सीडी-४ साठ असलेल्या माणसात तो यादीत वर येतो. चित्र तेच असतं. कॉन्ट्रास्ट द्यायचा की नाही, कुठले जादा फोटो घ्यायचे, हेही या माहितीवर ठरतं. नाहीतर साधा एमआरआय होतो आणि आठवड्याने पुन्हा कॉन्ट्रास्टसहित करावा लागतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. उपचारात थेट सहभागी असलेल्या डॉक्टरांनी उपचारापुरती ती एकमेकांना देणं याला कायद्यात मुभा आहे. स्वागतकक्षात मोठ्याने विचारणं किंवा लिफाफ्यावर लिहिणं याला नाही. मी सुचवते तो मार्ग साधा आहे. डॉक्टरांकडून रेडिओलॉजिस्टच्या नावाने बंद पाकिटात चिठ्ठी घ्या, किंवा डॉक्टरांना फोन करायला सांगा. चिठ्ठीत शेवटचा सीडी-४, व्हायरल लोड, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि मध्ये बंद होत्या का, एवढं हवं. भेदभावाची वागणूक मिळाली तर नॅकोच्या १०९७ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

लपवण्याचा आणखी एक तोटा गोळ्यांच्या बाबतीत होतो. झटका आला की गावातला डॉक्टर बहुधा फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन सुरू करतो. ही औषधं एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. मग गोळ्या रोज घेऊनही विषाणू डोकं वर काढतो. लेव्हेटिरासिटाम या औषधाने तसं होत नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. ज्याला तुमची एआरटी माहीतच नाही, तो हे कसं सांभाळणार?

एमआरआय नॉर्मल आला, पण माणूस पहिल्यासारखा नाही

असं होतं, आणि तेव्हा रुग्णाला खोटं ठरवू नये. सौम्य त्रासात एमआरआय बहुतेक नॉर्मलच असतो. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. २००५ पासून वापरात असलेली एक छोटी चाचणी कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटांत होते: चार शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे, अंगठा आणि पहिलं बोट जमेल तितक्या वेगाने आपटायचं, मग मूठ, तळवा आणि हाताची कड टेबलावर त्याच क्रमाने ठेवत राहायचं. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सॅन दिएगोच्या विद्यापीठासोबत आपल्या भागातल्या रुग्णांच्या स्मरणशक्तीचा आणि कामाच्या वेगाचा सविस्तर अभ्यास केला आहे. परदेशातल्या चाचण्या तशाच उचलून चालत नाहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला आणि पदवीधराला एकाच मापाने मोजलं तर बाई उगाच "नापास" होते.

नॉर्मल स्कॅननंतर आम्ही इतर कारणंही पाहतो: बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, दारू. आणि नैराश्य, जे आम्ही डॉक्टरही विचारायला विसरतो. पूर्वीच्या गोळीतल्या एफाविरेन्झने चक्कर आणि भयंकर स्वप्नं पडत. नवीन गोळीने काहींची झोप उडते. गोळी आपल्या मनाने सोडू नका, वेळ बदलून बघता येते, सेंटरला विचारा.

एक विरळा पण महत्त्वाचा प्रकार पुण्यातच नीट नोंदला गेला आहे. रक्तातला व्हायरल लोड "सापडत नाही" इतका कमी, गोळ्या अगदी नियमित, आणि तरी माणूस विसरतो, तोल जातो, झटके येतात. पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात विषाणू सापडतो. रक्तात दबलेला, मेंदूत मात्र वाढलेला. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांवर २०१८ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. यात एमआरआयवर पांढऱ्या भागात बदल दिसू शकतात, पण निदान होतं ते रक्त आणि पाणी दोन्हीतला विषाणू मोजून. मेंदूत नीट पोहोचणारी औषधं दिली की बरेच रुग्ण सुधारतात. म्हणून "व्हायरल लोड चांगला आहे, काही नाही" या वाक्यावर थांबू नका. तक्रार वाढत असेल तर न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी मागा.

तपासणीच्या दिवशी

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. अर्धा-पाऊण तास बोगद्यात हलायचं नसतं आणि मशीन जोरात ठकठक करतं. मंगळसूत्र, जोडवी, नथ, पिना, सगळं काढावं लागतं; घरच्या मोठ्या बायका यावर अडतात, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली प्लेट असेल तर सांगा. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडिंगवर, वेल्डिंगवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी कीस गेला होता का हे आठवून सांगायचं. चुंबकाने तो हलू शकतो. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन तपासतात. एआरटीतलं टेनोफोविर काहींच्या किडनीवर ताण आणतं, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

सीटी स्कॅन पाच मिनिटांत होतो आणि रात्री-अपरात्रीही मिळतो. बेशुद्धी, झटका, अचानक लकवा असेल तर आधी तोच करतात. त्यात लहान डाग आणि पांढऱ्या भागातले बदल सुटू शकतात, म्हणून तो नॉर्मल असूनही पुढे एमआरआय सांगितला तर कुणी लुबाडतंय असं समजू नका.

झटका, एका बाजूची कमजोरी, ताप आणि उलट्यांसह वाढणारी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, भलतंच बोलणं किंवा गुंगी यांपैकी काहीही झालं तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहायची नाही. बाहेरचं काही झालंय असं वाटून देवऋषाकडे जायचं असेल तर नंतर जा. आधी सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, आणि हिरवं पुस्तक सोबत.

त्या गृहस्थांनी आठ महिने गोळ्या सोडलेल्या होत्या. एआरटी सेंटरच्या रांगेत भावकीतला एक जण दिसला, म्हणून. सीडी-४ निघाला ५८. रेडिओलॉजिस्टना फोन करून ही माहिती दिल्यावर त्यांनी तीच फिल्म पुन्हा पाहिली आणि मत बदललं. मिरजेत दाखल करून टॉक्सोप्लाझ्माचं औषध सुरू झालं. दोन आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये डाग निम्म्यावर आले होते, मग एआरटी परत सुरू झाली. ऑक्टोबरच्या छाटणीला ते बागेत होते, पण कात्री उजव्याच हातात. डाव्या हाताची पकड अजून पूर्ण आलेली नाही. औषधाचं माप सध्या बाई स्वतः घेतात.